वजन जास्त आहे आणि दिवस गेलेत, आता काय करायचं?

पत्र: "डॉक्टर मॅडम, मी अमळनेर तालुक्यातली. वय २७, पहिलंच बाळंतपण, नववा आठवडा चालू आहे. उंची पाच फूट एक इंच, वजन ७८ किलो. पहिल्या तपासणीला गेले तेव्हा डॉक्टर वजनकाट्याकडे बघून सगळ्यांसमोर म्हणाले, 'एवढ्या वजनात नॉर्मल डिलिव्हरी विसरा.' त्या दिवसापासून मी रात्रीचं जेवण सोडलंय. घरात कोणाला सांगितलेलं नाही, मळमळतं म्हणून वेळ मारून नेते. सासूबाई म्हणतात, 'दोन जिवनी शे, पोटभर खाय.' माझ्या आईला शुगर आहे. तारीख मे महिन्यातली आहे आणि आई बाळंतपणाला चोपडा तालुक्यातल्या आमच्या गावी बोलावते आहे. माझ्या वजनामुळे बाळाला काही होईल का? सिझरच होणार का? आणि नंतर मला काय त्रास होईल?"

ताई, रात्रीचं जेवण आज सुरू करा. पुढचं उत्तर जेवण झाल्यावर वाचलंत तरी चालेल.

गरोदरपण ही वजन उतरवायची वेळ नव्हे. उपाशी राहिल्याने मळमळ वाढते, पित्त होतं, सकाळी गळून जायला होतं, आणि बाळाला जे मिळायला हवं त्यात कपात होते. तुमचं वजन गेल्या काही वर्षांत वाढलंय, ते या सात महिन्यांत उतरवण्याची काही गरज नाही. ज्यांनी तुम्हाला चारचौघांत तसं ऐकवलं त्यांचं वागणं मला अजिबात पटलेलं नाही. असं ऐकलेली बाई पुढच्या तपासणीला येत नाही. ती एकदम सातव्या महिन्यात उगवते, तेव्हा बीपी चढलेलं असतं आणि हातातला वेळ गेलेला असतो. तुमच्या बाबतीत तसं होऊ नये, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी आकडा. किलोमधलं वजन मीटरमधल्या उंचीने दोनदा भागायचं. हा उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, म्हणजे बीएमआय, तुमचा साडेबत्तीस येतो. जगभराच्या मापाने ३० च्या वर म्हणजे लठ्ठपणा. आपल्या भारतीय अंगकाठीला तर २५ च्या वरच तसं धरतात, कारण आपल्यात पोटाभोवती चरबी लवकर साठते आणि शुगर-बीपीही कमी वजनातच मागे लागतात. सुरुवातीच्या आठवड्यांतलं वजन नोंदवून ठेवायचं ते यासाठी की पुढे त्यात बाळ, वार, पाणी, वाढलेलं रक्त असं सगळं मिसळतं. तुमच्या कार्डावर आज ७८ लिहिलं आहे ना, त्याशेजारी उंचीही लिहून घ्या. पुष्कळ कार्डांवर उंचीचा रकाना रिकामाच असतो, आणि उंचीशिवाय त्या ७८ चा काही अर्थ लागत नाही.

आता तुमचा पहिला प्रश्न, बाळाचा. वजन जास्त असलेल्या बहुतेक बायकांची बाळं धडधाकट जन्मतात, हे आधी मनात पक्कं करा. धोका वाढतो हेही खरं, आणि तो बराचसा शुगरच्या वाटेने येतो. वार तयार झाली की तिच्यातून असे संप्रेरक सुटतात की आईच्या इन्सुलिनचा जोर कमी पडतो. हे प्रत्येक गरोदर बाईत होतं. पण अंगावर चरबी जास्त असेल तर इन्सुलिनचा जोर आधीच कमी असतो, आणि आईकडून डायबेटिसचा वारसा असेल तर स्वादुपिंडाला हा वाढीव भार पेलत नाही. मग शुगर चढते. ती वारेतून बाळाकडे जाते, आईचं इन्सुलिन मात्र जात नाही. म्हणून बाळ स्वतःचं इन्सुलिन जास्त बनवतं आणि अंगाने भरतं, विशेषतः खांद्यांशी. असं बाळ बाहेर येताना डोकं निघतं आणि खांदा अडकतो. नाळ कापली की आईची साखर बंद होते, पण बाळाच्या अंगातलं इन्सुलिन अजून कामावरच असतं, त्यामुळे पहिल्या काही तासांत बाळाची शुगर खाली जाऊ शकते. घरच्यांना सांगायला सोपं म्हणून सांगते: चार किलोचं गुटगुटीत बाळ बघून पेढे वाटण्याआधी त्याची शुगर तपासली का, हे विचारायचं.

तुम्ही करायचं काम एवढंच की शुगरची तपासणी आत्ताच करून घ्यायची, पाचव्या-सहाव्या महिन्याची वाट पाहायची नाही. सरकारी पद्धतीत ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून देतात आणि दोन तासांनी रक्त घेतात. पोटात अन्न असलं तरी चालतं. १४० किंवा त्याहून जास्त आली तर उपचार सुरू. आत्ता नीट आली तरी २४ ते २८ आठवड्यांत तीच तपासणी पुन्हा करायची. ही दुसरी तपासणी बायका हमखास टाळतात, 'मागे केली होती ना' म्हणून. वारेचा जोर तेव्हाच वाढलेला असतो, म्हणून खरी परीक्षा त्या वेळची.

दुसरी वाट बीपीची. पहिलं बाळंतपण आणि बीएमआय ३० च्या वर, या दोन गोष्टी एकत्र आल्या की गरोदरपणातलं बीपी चढण्याची शक्यता वाढते. अशा बायकांना बाराव्या आठवड्यापासून, आणि सोळावा उलटायच्या आत, कमी ताकदीची ॲस्पिरिन रोज रात्री द्यावी का, हे डॉक्टर ठरवतात. तुमचा नववा चालू आहे, म्हणजे हा प्रश्न विचारायची वेळ अगदी तोंडावर आली आहे. पुढच्या भेटीत स्वतःहून विचारा. मेडिकलवरून आपल्या मनाने मात्र घेऊ नका. फॉलिक ॲसिडचंही तसंच: ज्यांचं वजन जास्त आहे त्यांना पहिल्या तीन महिन्यांत ५ मिलिग्रॅमची गोळी द्यावी असं बरेच तज्ज्ञ सांगतात, तुमची कोणती चालू आहे ते दाखवून घ्या.

बीपी मोजताना दंडाला गुंडाळतात त्या पट्ट्याकडे एकदा नीट बघा. त्यातली हवेची पिशवी दंडाला जवळपास पूर्ण वेढा घालायला हवी. दंड जाड आणि पट्टा लहान असेल तर तो टोकाला जेमतेम चिकटतो, हवा भरली की चर्रकन सुटायला बघतो आणि आकडा खऱ्यापेक्षा जास्त येतो. मग नसलेल्या बीपीची गोळी सुरू होते, नाहीतर 'हिचं नेहमीच जास्त येतं' म्हणत खरं चढलेलं बीपी नजरेतून सुटतं. मोठा पट्टा मागायला लाजायचं नाही. आरोग्य केंद्रात नसेल तर आशाताईंना सांगा. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची डॉक्टरांकडून मोफत तपासणी असते, २०१६ पासून चालू आहे, त्या दिवशी तरी मोठ्या पट्ट्याने मोजून घ्या.

सोनोग्राफीबद्दल एक सांगून ठेवते. पोटावर चरबीचा थर असला की चित्र धूसर येतं. पाचव्या महिन्यातल्या सोनोग्राफीत बाळाचं हृदय किंवा पाठीचा कणा नीट दिसला नाही म्हणून पंधरा दिवसांनी पुन्हा बोलावलं, तर बाळात दोष आहे असं समजून रडत बसू नका. ते पुन्हा बोलवतात ते नीट बघायला, आणि तिथे जायचंच.

आता जेवण. सासूबाईंचा जीव तुमच्यासाठी तुटतो, त्यांना दुखवू नका. पण पहिले तीन महिने बाळासाठी जास्तीचं जवळजवळ काहीच लागत नाही. पुढच्या सहा महिन्यांतही भारतीय आहारतज्ज्ञांच्या हिशोबाने दिवसाला साधारण ३५० कॅलरी जास्त पुरतात, म्हणजे एक भाकरी, वाटीभर डाळ आणि एखादं फळ. दुसऱ्या माणसाचं ताट नव्हे. तुमच्या बीएमआयला नऊ महिन्यांत ५ ते ९ किलो वाढणं योग्य समजतात. म्हणजे शेवटी काटा ८३ ते ८७ च्या दरम्यान असावा.

आपलं खानदेशी जेवण मुळात वाईट नाही, हे मी दवाखान्यात रोज सांगते. कळण्याची भाकरी घ्या, ज्वारीला उडदाची जोड, पोटभरीची आणि शुगर सावकाश वाढवणारी. हिवाळा तोंडावर आहे, भरीत खा, खुशाल खा, फक्त वरून सोडलेलं तेल चमच्याने मोजा, पळीने नको. त्रास होतो तो शेवभाजीतल्या तळलेल्या शेवेचा आणि वर आलेल्या तर्रीचा, दिवसातून पाच वेळा होणाऱ्या गोड चहाचा, आणि संध्याकाळी गप्पांच्या ओघात संपणाऱ्या केळ्याच्या वेफर्सचा. केळं खायचं असेल तर ते केळं म्हणूनच खा, एक. अखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, तुम्ही माहेरी असाल, नववा महिना लागलेला असेल, आणि समोर आमरस-पुरणपोळी येईल. शुगर नीट असेल तर एक पोळी आणि छोटी वाटी रस. शुगर निघालेली असेल तर आधी मला नाही, तुमच्या डॉक्टरांना विचारा. जेवण झालं की दहा-पंधरा मिनिटं अंगणात चालायचं, दिवसाकाठी एकूण अर्धा तास भरू द्या. एप्रिलनंतर आपल्याकडे ऊन काय असतं ते वेगळं सांगायला नको, तेव्हा पहाटे चाला.

अंगाने भरलेल्या बाईत रक्तही भरपूर असतं हा समज काढून टाका. वजन ऐंशी आणि हिमोग्लोबिन आठ, अशा बायका आमच्याकडे नेहमी येतात. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या सुटता कामा नयेत.

सिझरचं. ते होणारच असं कोणीही आज सांगू शकत नाही. शक्यता सडपातळ बाईपेक्षा जास्त, इतकंच. वजन जास्त असेल तर सुरुवातीच्या कळांचा टप्पा बराच लांबतो, गर्भपिशवीचं तोंड पाच-सहा सेंटिमीटरपर्यंत उघडायला वेळ लागतो. आई आणि बाळ दोघं ठीक असतील तर तो वेळ द्यायला हवा. घरचे अशा वेळी दाराबाहेर अस्वस्थ होतात आणि 'कापून मोकळं करा' म्हणतात. यजमानांना आत्ताच सांगून ठेवा की डॉक्टर थांबा म्हणाले तर थांबायचं, आणि सिझर करू या म्हणाले तर मग वाद घालायचा नाही.

सिझर लागलंच तर त्यातल्या अडचणी तुम्हाला ठाऊक असाव्यात. पाठीत भुलीचं इंजेक्शन द्यायची जागा सापडायला वेळ लागतो, म्हणून भूलतज्ज्ञांनी तुम्हाला आठव्या-नवव्या महिन्यात एकदा आधी पाहिलेलं बरं. बाळंतपणानंतर गर्भपिशवी लगेच घट्ट आवळली गेली नाही तर रक्तस्राव जास्त होतो, हे नॉर्मल बाळंतपणातही होऊ शकतं. आणि म्हणूनच बाळंतपण कुठे करायचं हा तुमच्या पत्रातला खरा मोठा प्रश्न आहे, जरी तुम्ही तो विचारला नसला तरी.

माहेरी जा. आईच्या हातचं खायला जा, अखाजीचा झोका बघायला जा, खेळायला नको. पण बाळंतपण अशाच ठिकाणी, जिथे रात्री दोन वाजताही ऑपरेशन थिएटर उघडतं, भूलतज्ज्ञ येतात, रक्त मिळतं आणि बाळासाठी काचेची पेटी आहे. जळगाव आणि धुळे दोन्हीकडे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं आहेत. सरकारी ठिकाणी सिझरसकट बाळंतपण, औषधं, रक्त, नेणं-आणणं सगळं मोफत आहे. खासगी दवाखाना निवडलात तर याच चार गोष्टी विचारा आणि 'बघू, बोलवून घेऊ' या उत्तरावर समाधान मानू नका. सातव्या महिन्यात तिथे एकदा नाव नोंदवा, कागद दाखवा. शेवटच्या महिन्यात बाळाची हालचाल कमी वाटली तर सकाळ होऊ देऊ नका, तसंच निघा. तारीख उलटून गेली तर घरी वाट बघत बसायचं नाही, हेही त्याच भेटीत बोलून ठेवा.

आता तुमचा तिसरा प्रश्न, नंतरचा. मला सगळ्यात जास्त काळजी याच दिवसांची वाटते, कारण बाळ झालं की सगळं घर बाळाकडे वळतं आणि बाळंतीण खाटेवर मागे राहते.

आपल्याकडे सव्वा महिना बाळंतिणीला उठू देत नाहीत. विश्रांती हवीच, पण पडून राहणं आणि विश्रांती यांत फरक आहे. बाळंतपणानंतर रक्त घट्ट गोठण्याकडे झुकलेलं असतं, पहिले सहा आठवडे तर नक्कीच. वजन जास्त, त्यात सिझर, त्यात मे महिन्यातल्या घामाने अंगातलं पाणी कमी झालेलं, आणि वर दिवसभर खाटेवर. अशात पायाच्या शिरेत गुठळी होऊ शकते आणि ती सुटून फुप्फुसात गेली तर जीवावर बेतते. म्हणून नॉर्मल झालं तर काही तासांत, सिझर झालं तर भूल उतरल्यावर परिचारिका उठवतील तेव्हा उठायचं, खोलीत चालायचं, घरी गेल्यावरही दर दोन-तीन तासांनी चालायचं. पडल्यापडल्या पावलं वरखाली हलवायची. पाणी भरपूर. 'पाणी प्यायल्याने पोट सुटतं' हे कोणी म्हणालं तर माझं नाव सांगा. काही बायकांना गुठळी होऊ नये म्हणून पोटात इंजेक्शनं देतात, ती दिली तर पूर्ण करायची. एकच पिंढरी सुजली, दुखायला लागली, किंवा अचानक धाप लागली, छातीत दुखलं, तर १०८ ला फोन.

टाक्यांचं सांगते. सिझरचा छेद ओटीपोटावर, घडीच्या खाली येतो. तिथे हवा लागत नाही, घाम साचतो आणि जखम चिघळते. आंघोळीनंतर एका हाताने पोट हलकेच वर उचलायचं, धुतलेल्या सुती फडक्याने टिपायचं, चोळायचं नाही, आणि थोडा वेळ तसंच पडून तिथे वारा लागू द्यायचा. परकराची नाडी टाक्यांवर येता कामा नये. दीड महिना सुती मॅक्सी वापरा. शेक-शेगडीसाठी दारं-खिडक्या बंद करून, पंखा बंद करून मे महिन्यात बाळंतिणीला उकडून काढणं थांबवा. आईला वाईट वाटेल, तिला म्हणावं डॉक्टरांनी सांगितलंय. जखम लाल झाली, पाणी किंवा पू आला, ताप आला, की वाट बघायची नाही.

बीपी बाळंतपणानंतर लगेच उतरतंच असं नाही. उलट तिसऱ्या ते सहाव्या दिवशी ते चढायला बघतं, आणि नेमकं तेव्हाच घरी पाठवतात. गरोदरपणात कधी बीपी वाढलेलं असेल तर पहिल्या आठवड्यात घरी किंवा केंद्रात ते पुन्हा मोजलं गेलंच पाहिजे. जोराचं डोकं दुखणं, डोळ्यांपुढे चमकणं, बरगड्यांखाली दुखणं हे 'बाळंतवारं' म्हणून सोडून द्यायचं नाही.

दूध. वजन जास्त असलेल्या काही बायकांना दूध भरून यायला दोन-तीन दिवसांऐवजी एखाद-दोन दिवस जास्त लागतात. तेवढ्यात घरात वरच्या दुधाची बाटली येते, आणि बाळाने ओढणं कमी केलं की दूध खरोखरच कमी येतं. तासाभरात बाळ छातीशी लावा, चीक फेकू नका, दिवस-रात्र मिळून आठ ते बारा वेळा पाजा. स्तन जड असतील तर बाळाला मांडीवर घेऊन वाकण्याऐवजी काखेशी उशी ठेवून, त्याचे पाय मागे घेऊन धरा, बाळाचं नाक मोकळं राहतं आणि तुमची पाठ वाचते. बाळाची लघवी आणि वजन नीट आहे ना हे आशाताई पाहतील. वरचं द्यायचं की नाही ते त्यावर ठरवायचं, शेजारणीच्या सल्ल्यावर नाही.

डिंकाचे, मेथीचे लाडू: दिवसाला एक, छोटा, कमी तुपाचा. पाजताना पहिले सहा महिने साधारण ६०० कॅलरी जास्त लागतात हे खरं, पण त्या भाकरी, डाळी, दूध, अंडं, पालेभाजी यांतूनही भरून निघतात.

मनाचं शेवटी लिहिते आहे म्हणून ते हलकं समजू नका. ज्यांचं वजन जास्त असतं त्यांच्यात बाळंतपणानंतरची उदासी जरा जास्त आढळते, आणि त्यात वजनावरून टोमणे पडत असतील तर आणखीच. दोन आठवड्यांहून जास्त दिवस रडू येतंय, बाळाकडे बघावंसं वाटत नाही, झोप येत नाही, असं झालं तर यजमानांना सांगा आणि दवाखान्यात या. उपचार आहेत, पाजत असतानाही घेता येतात.

पुढचं मूल हवं असेल तर निदान दोन वर्षं जाऊ द्या. स्वीडनमध्ये दीड लाखांहून जास्त बायकांच्या दोन बाळंतपणांची नोंद तपासली होती, २००६ साली ती प्रसिद्ध झाली. दोन बाळंतपणांच्या मध्ये बीएमआय नुसता एक-दोनने वाढला तरी पुढच्या खेपेला शुगर, बीपी आणि जास्त वजनाचं बाळ यांचं प्रमाण वाढलेलं दिसलं. तुमच्या उंचीला एक बीएमआय म्हणजे जवळपास अडीच किलो. वजन उतरवायची वेळ ती, या दोन वर्षांतली, सावकाश. तोवर तांबी बसवता येते, बाळंतपणाच्या वेळीच बसवायची का ते आधी ठरवा. नेहमीच्या गर्भनिरोधक गोळ्या पाजताना सहा महिने नकोत, त्यांनी दूध कमी होऊ शकतं, आणि पहिल्या सहा आठवड्यांत तर गुठळीचाही धोका.

आणि शुगर. गरोदरपणात ती निघाली तर बाळंतपणानंतर बहुतेकींची उतरते, पण पुढे डायबेटिस होण्याची शक्यता कितीतरी पट राहते. नाही निघाली तरी तुमच्या आईला आहे, म्हणून मी तुम्हाला तपासणी कराच म्हणेन. बाळाला दीड महिन्याच्या डोसला न्यायचंच असतं. त्याच दिवशी सकाळी उपाशीपोटी जा, बाळाला पाजून निघा, आधी रक्त द्या, ग्लुकोज प्या, आणि दोन तास थांबा. मधल्या वेळात बाळाला घ्यायला यजमानांना सुट्टी काढून सोबत न्या, आणि दुसरं रक्त दिल्यावर लगेच खायला डब्यात भाकरी-भाजी ठेवा.